पट्ट्याची नवार, सुतळी नव्हे

ज्वारीची पोती किंवा कडब्याच्या पेंढ्या गाडीवर आवळायला रॅचेट पट्टा (एकाच दिशेने फिरणाऱ्या दातेरी चाकाने ताणला जाणारा सपाट पट्टा) सोयीचा. तो गुंततो, तेव्हा लांबीला दोष दिला जातो. खरं कारण पीळ.

सुतळीसारखे कोपराभोवती घेतलेले वेढे बाजूने ओढले, की दर वेढ्याला एक पीळ पडतो.

पट्टा म्हणजे पलंगाची नवार; ती सपाटच गुंडाळतात. मोकळ्या टोकापासून सुरुवात करावी, म्हणजे आकडा बाहेर राहतो आणि पुढच्या वेळी आधी तोच अडकवता येतो. वरून जुन्या ट्यूबचं रबर चढवावं. रॅचेटचा आखूड तुकडा मात्र वेगळा, मिटून ठेवावा. पट्टे उन्हात टाकू नयेत, उन्हाने धागा कमजोर होतो.