८४ खोल्या आणि एक तवा

बंगळुरूतल्या बसवनगुडीतून म्हैसूर रस्त्याला लागलं की सुमारे तीस किलोमीटरवर बिडदी येतं. तिथलं वंडरला हे मनोरंजन उद्यान २००५ मध्ये सुरू झालं आणि २०१२ मध्ये त्याच आवारात ८४ खोल्यांचं रिसॉर्ट उभं राहिलं. उद्यानाशेजारी हॉटेल बांधण्यामागचा हिशेब जुना आहे. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हा हॉटेल बांधण्याइतका पैसा वॉल्ट डिस्नेकडे उरला नव्हता. ते दुसऱ्याच उद्योजकाने बांधलं आणि पुढे भोवती उगवलेल्या मोटेलांनी पाहुण्यांच्या खर्चातला मोठा वाटा नेला. म्हणून फ्लोरिडात आधी हजारो एकर जमीन घेतली गेली आणि १९७१ मध्ये तिथलं उद्यान स्वतःच्या हॉटेलांसकटच सुरू झालं. खोपोलीजवळच्या इमॅजिकालाही लागून मोठं हॉटेल आहेच. या व्यवस्थेत वाईट काही नाही. दिवसभर पाण्यात डुंबून पेंगुळलेली मुलं घेऊन रात्री घर गाठण्यापेक्षा शेजारी खोली मिळणं केव्हाही बरं. आक्षेप आहे तो दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्यावर.

अशा हॉटेलांतली सकाळ बहुतेक एकाच साच्याची असते. उद्यान उघडायच्या आधी सगळ्यांना खाऊन मोकळं व्हायचं असतं, त्यामुळे गर्दी दोन-अडीच तासांत कोंबली जाते. ही गर्दी पेलण्यासाठी बुफे मांडलेला असतो: झाकणाची चकचकीत भांडी, त्यांच्याखाली गरम पाणी, त्याखाली मंद आच. झाकण उघडलं की आतल्या बाजूला साचलेल्या वाफेचे थेंब वड्यांवर टपटपतात आणि त्यांचा कुरकुरीतपणा जातो. इडलीचं उलट होतं. झाकण उघडं राहिलं की तिचा वरचा पापुद्रा सुकून चिवट होतो. पुऱ्या बसलेल्या, पोहे कोरडे, उपमा चमच्याने कापावा इतका घट्ट. आणि एवढे पदार्थ मांडलेले असताना रांग लागते ती कोपऱ्यातल्या डोशाच्या तव्यासमोर. तिथे एकटा माणूस उभा असतो. तो तव्यावर पाणी शिंपडतो, ते चर्र करून उडून गेलं की हिराच्या झाडूने तवा पुसून घेतो, पळीभर पीठ मधोमध ओतून पळीच्याच बुडाने ते कडेपर्यंत फिरवत नेतो. समोर दहा-बारा जण हातात रिकाम्या ताटल्या घेऊन त्याच्या हाताकडे बघत असतात आणि उशीर झाला की बोलणी त्यालाच खावी लागतात. पाहुण्यांना काय हवं आहे, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा हॉटेलला आणखी कुठला हवा? त्यांना आत्ता केलेलं हवं आहे. बाकीची भांडी पाहुण्याच्या आवडीपेक्षा स्वयंपाकघराच्या सोयीसाठी आहेत, कारण ती पहाटेच भरून ठेवता येतात.

बसवनगुडीत हा प्रश्न फार पूर्वी सुटलेला आहे. गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन १९४३ सालचं. जागा बेताची, पदार्थ मोजके, आणि लोक येतात ते मुख्यतः मसाला डोशासाठी. भल्या मोठ्या तव्यावर एकदम कितीतरी डोसे पडतात, तूप सुटतं, बाहेरून खरपूस आणि आतून मऊ झाले की ते उतरतात. मग वाढपी डझनभर ताटल्या एकाच हातावर, मनगटापासून खांद्याकडे रचत, टेबलांमधून वाट काढत येतो. डोशासोबत सांबार नसतं, पातळ चटणी असते. तरीही रविवारी सकाळी बाहेर माणसं नावं देऊन ताटकळत उभी असतात. कमी पदार्थ ठेवल्याने गिऱ्हाईक तुटतं, ही भीती गांधी बाजाराने ऐंशी वर्षं खोटी पाडली आहे.

यावर हॉटेलवाले सांगतील की आमच्याकडे चार प्रांतांची माणसं, कुणाला अंडं हवं, कुणाला कांदा-लसूण चालत नाही, लहानग्यांना कॉर्नफ्लेक्स लागतात. हे खरंच आहे. पण त्यासाठी फळं, ब्रेड, दूध आणि सांगितल्यावर करून दिलेलं एखादं ऑम्लेट पुरतं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: गांधी बाजारासारखी रांग सहलीला आलेलं कुटुंब का सोसेल? इथे तो आकडा पुन्हा घ्यावा लागतो. ८४ खोल्या. खोलीत सरासरी तीन माणसं धरली तर अडीचशे. अडीच तासांत अडीचशे म्हणजे तासाला शंभर. एका मोठ्या तव्यावर एका वेळी दहा डोसे आणि एका फेरीला सहा मिनिटं धरली, तर एकच तवा तासाला शंभर डोसे देतो. दोन तवे आणि आळीपाळीने उभे राहणारे चार कारागीर ठेवले की दुसरा डोसा मागणाऱ्यालाही फार थांबावं लागणार नाही. शिवाय दारात किती माणसं येतील हे विद्यार्थी भवनला आदल्या रात्री ठाऊक नसतं. रिसॉर्टला असतं. किती खोल्या भरल्या, कोणत्या खोलीत किती मुलं, सगळं नोंदवहीत असतं. म्हणजे ताजं करून वाढणं ज्याला जास्त सोपं, तोच शिळावलेलं मांडून ठेवतो.

कारागिरांचा पगार वाढेल, हे कबूल. पण बुफेचाही खर्च असतोच, फक्त तो खोलीच्या भाड्यात मिसळलेला असल्याने कुणी मोजत नाही. एकदा बाहेर मांडलेलं अन्न परत आत नेता येत नाही. आणि नाश्ता फुकट आहे असं वाटल्यामुळे ताटं भरून घेतली जातात, मुलांच्या ताटात अर्धे वडे, अर्धे पॅनकेक तसेच राहतात. टाकून दिलेल्या त्या अन्नाचे पैसे चांगल्या हाताला देता येतील. त्यातला एक हात बिडदीचाच असावा. हे गाव थट्टे इडलीसाठी प्रसिद्ध आहे: ताटलीएवढी, जाड, हलकी इडली, वर लोण्याचा गोळा. या रस्त्याने जाणारे लोक त्यासाठी मुद्दाम गाडी थांबवतात. ती इडली उकडणारं गावातलं एखादं माणूस सकाळी तीन तास रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात उभं केलं, तर इडली वाफेच्या भांड्यातून थेट ताटात पडेल आणि डोशाच्या तव्यापुढची निम्मी रांग तिकडे वळेल.