स्थल-पृथुकृमी : रूप, नाम आणि वर्गीकरण

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा प्रदेश कारखान्यांचा म्हणून प्रसिद्ध आहे. तथापि कारखान्यांच्या आवारातील हिरवळी, वसाहतींमधील बागा, रोपवाटिका आणि गांडूळखताचे वाफे यांमुळे याच प्रदेशात ओलाव्याच्या व सावलीच्या असंख्य जागा निर्माण झाल्या आहेत. पावसाळ्यात अशा ठिकाणी, कुंडीच्या बुडाखाली अथवा ओल्या फरशीवर, एक लांब, चपटा आणि बुळबुळीत प्राणी दृष्टीस पडण्याचा संभव असतो. पाहणारा त्याला कधी जळू म्हणतो, कधी गांडूळ म्हणतो, तर कधी सापाचे पिल्लू. ही तिन्ही नावे चुकीची आहेत. आणि ही चूक केवळ शब्दांची नाही. जळू समजणारा मनुष्य त्या प्राण्यास भितो, गांडूळ समजणारा त्यास उपकारक मानून वाफ्यात सोडतो आणि साप समजणारा त्याचे फावड्याने तुकडे करतो. नावामागून कृती येते. म्हणून या प्राण्याचे रूप कसे आहे, त्यास नावे कशी मिळाली आणि त्याचे वर्गीकरण कोणत्या प्रमाणांवर आधारले आहे, या प्रश्नांना शास्त्रीय महत्त्वाइतकेच व्यावहारिक महत्त्वही आहे.

हा प्राणी म्हणजे स्थल-पृथुकृमी. पृथुकृमींच्या संघात यकृतातील पर्णकृमी आणि आतड्यातील पट्टकृमी हे परोपजीवी प्राणी सर्वपरिचित आहेत. स्थल-पृथुकृमी मात्र स्वतंत्रपणे जगणारा शिकारी प्राणी आहे. त्याचा समावेश ट्रायक्लॅडिडा या गणात होतो. त्याच्या आतड्याची एक शाखा मस्तकाकडे आणि दोन शाखा पुच्छाकडे जातात. या तीन शाखांवरूनच गणाचे नाव पडले आहे. शरीरात फुप्फुसे नाहीत, रक्ताभिसरण नाही आणि गुदद्वारही नाही. मुख मस्तकावर नसून पोटाच्या बाजूस, शरीराच्या मध्याजवळ असते. तेथून नळीसारखी ग्रसनी बाहेर पडते आणि भक्ष्याचे शरीर बाहेरच्या बाहेर विरघळवून शोषून घेते. श्वसन त्वचेवाटे होत असल्यामुळे शरीर चपटे राहणे आवश्यक ठरते. त्वचेस पाणी रोखून धरता येत नसल्यामुळे हा प्राणी उन्हात अल्पावधीत सुकून मरतो. त्याचे निशाचरत्व, पावसाळ्यातील त्याचे दर्शन आणि उष्ण कटिबंधातील आर्द्र वनांत आढळणारे त्याचे वैविध्य या सर्वांचे कारण हेच होय.

जळूशी त्याचे साम्य वरवरचे आहे. जळू आणि गांडूळ हे दोघेही वलयी प्राणी असून त्यांच्या शरीरावर आडवी वलये स्पष्ट दिसतात. जळूस दोन्ही टोकांना चूषके असतात व ती कमान करीत पुढे सरकते. पृथुकृमीच्या अंगावर वलये नसतात आणि चूषकेही नसतात. पोटाखालच्या एका अरुंद पट्टीवर सूक्ष्म लोम असतात व त्यांच्या साह्याने तो चिकट स्रावावरून अखंड घसरत जातो. त्याची चाल एकदा लक्षपूर्वक पाहिली असता जळूचा भ्रम पुन्हा होत नाही.

उष्णकटिबंधीय स्थल-पृथुकृमींच्या रूपाचे स्थूलमानाने दोन नमुने करता येतात. काहींचे मस्तक निमुळते असून त्यावर दोनच नेत्रबिंदू असतात. इतरांना मस्तकाच्या कडेने आणि अंगाच्या बाजूंनी शेकडो सूक्ष्म नेत्रबिंदू असतात. या दुसऱ्या नमुन्यात बायपेलियम व त्याच्या निकटच्या प्रजाती विशेष ठळक आहेत. कारण त्यांचे मस्तक दोन्ही बाजूंस पसरून अर्धचंद्राकार किंवा पंख्यासारखे झालेले असते. पाठीचा रंग पिवळसर, तपकिरी किंवा काळा असून त्यावर एक, तीन अथवा पाच उभे पट्टे असू शकतात. जगभर पसरलेल्या बायपेलियम क्यूएन्से या जातीच्या फिक्या तपकिरी पाठीवर पाच गडद पट्टे असतात, मानेशी काळसर आडवी पट्टी असते आणि ताणलेल्या स्थितीत तिची लांबी ३० सेंटिमीटरपर्यंत किंवा त्याहूनही अधिक भरते.

मस्तकाच्या या आकाराने भिन्नभिन्न भाषकांना कोणती प्रतिमा सुचविली, हे पाहणे उद्बोधक आहे. 'बायपेलियम' हे लॅटिन भाषेत जमीन खोल खणण्याच्या एका शेतकी फावड्याचे नाव आहे. नवव्या शतकात चीनमध्ये दुआन चंगश याने रचलेल्या 'यौयांग झाझू' या संकीर्ण ग्रंथात अशाच एका प्राण्याचे वर्णन आले आहे. त्याचे मस्तक फावड्यासारखे, पाठीवर काळे-पिवळे पट्टे, स्पर्श होताच तुटणारे शरीर आणि गांडुळास झाकून विरघळविण्याची रीत, एवढे सर्व तेथे नोंदले आहे. तो खाल्ल्यास कोंबड्या मरतात, असेही म्हटले आहे. जपानी भाषेत याच प्राण्याच्या नावाचा अर्थ 'केसांच्या आकड्यासारखी जळू' असा होतो. इंग्रजीत त्यास हातोडीच्या मस्तकाचा म्हणतात. म्हणजे आकार एकच. पण त्यास कोणी फावडे म्हटले, कोणी आकडा, तर कोणी हातोडी. जपानी नावात तर मराठी माणसाच्या मनातील जळूचा भ्रमही कायमचा गोठला आहे. लोकनाम रूपावर आधारलेले असते. ते ओळख पटविण्यास उपयोगी पडते. परंतु आप्तसंबंध सांगण्याचे काम त्याचे नव्हे.

आरंभीचे शास्त्रीय वर्गीकरणही रूपावरच उभे होते. युरोपातील एका स्थल-पृथुकृमीचे वर्णन म्युलर याने १७७४ मध्ये केले, तेव्हा त्याने त्यास यकृतातील पर्णकृमीच्याच प्रजातीत घातले. चार्ल्स डार्विन याने दक्षिण अमेरिका व टास्मानिया येथे गोळा केलेल्या स्थल-पृथुकृमींची वर्णने १८४४ मध्ये प्रसिद्ध केली. १८५७ मध्ये स्टिम्पसन याने बायपेलियम ही प्रजाती स्थापिली. १८७८ मध्ये मोझ्ली याने लंडनजवळील क्यू उद्यानाच्या उष्णगृहात सापडलेल्या कृमीचे वर्णन करून त्यास त्या उद्यानाचे नाव दिले. ग्राफ याने १८९९ मध्ये स्थल-पृथुकृमींवर विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला. त्यातील अनेक जाती मस्तकाचा आकार, पट्ट्यांची संख्या आणि रंग यांवरूनच निश्चित केलेल्या होत्या.

या पद्धतीतील उणीव हळूहळू ध्यानात आली. मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्याचा रंग उडतो, शरीर आखडते आणि मस्तकाचा पंखा मिटतो. सारखे पट्टे असलेले दोन कृमी अंतर्रचनेने भिन्न निघतात. म्हणून विसाव्या शतकात अभ्यासकांनी जननेंद्रियांच्या रचनेस अधिक प्रमाण मानले. नमुना मेणात बसवून त्याचे क्रमवार सूक्ष्म छेद घ्यावयाचे आणि त्यांवरून आतील अवयवांचे चित्र पुन्हा जुळवावयाचे, असे हे चिकाटीचे काम आहे. या प्रमाणावर एकाच बायपेलियममधून नोव्हिबायपेलियम (१९९८) व हम्बर्टियम (२००१) या प्रजाती वेगळ्या काढण्यात आल्या. तिघांची मस्तके बाहेरून सारखीच पसरट असतात. भेद आहे तो शिश्नाच्या घडणीत आणि अंडवाहिन्या कोणत्या दिशेने जननकोष्ठात शिरतात त्यात. ज्या जातींची अंतर्रचना अद्याप कोणी पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी २००२ मध्ये डायव्हर्सिबायपेलियम हा संग्राहक गट करण्यात आला. हा गट आप्तत्वाचा दावा करीत नाही. निर्णय व्हावयाचा आहे, एवढेच तो सांगतो. अज्ञानास असे स्वतंत्र नाव देऊन ठेवणे ही वर्गीकरणशास्त्रातील प्रामाणिक प्रथा होय.

भाषांच्या अभ्यासकास हा क्रम अपरिचित वाटणार नाही. फारशीतून मराठीत आलेला 'बद' आणि इंग्रजीतील 'बॅड' यांत ध्वनी व अर्थ दोन्ही जुळतात. तरीही त्या दोन शब्दांचा परस्परांशी संबंध नाही. 'अण्णा', 'अक्का' व 'अडकित्ता' हे शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये सारखे दिसतात म्हणून मराठी द्राविड कुलात जात नाही. भाषाकुलाचा निर्णय सुट्या शब्दांच्या साम्यावरून होत नाही; तो नियमित ध्वनिसंवादांवरून आणि व्याकरणाच्या आतील घडणीवरून होतो. पृथुकृमींच्या पाठीवरील पट्टे हे सुट्या शब्दांसारखे आहेत आणि जननेंद्रियांची रचना व्याकरणाच्या घडणीसारखी. अर्थात ही तुलना मर्यादित आहे. भाषा शब्दांची उसनवारी करते. कृमी पट्टे उसने घेत नाही. तेथे साम्य येते ते बहुधा सारख्या परिस्थितीतून किंवा योगायोगाने.

परंतु अंतर्रचनेचे प्रमाणही सर्वत्र चालत नाही, आणि नेमकी अडचण येते ती सर्वांत अधिक पसरलेल्या जातीपाशीच. बायपेलियम क्यूएन्से मूळची आग्नेय आशियातील समजली जाते. कुंड्यांतील मातीबरोबर ती जगाच्या अनेक भागांत पोहोचली. या नव्या ठिकाणी ती बहुशः विखंडनाने वाढते. शेपटीकडील तुकडा गळून पडतो, सरपटत दूर जातो आणि काही दिवसांत त्यास नवे मस्तक फुटते. जननेंद्रियांची पूर्ण वाढ झालेला नमुना तेथे क्वचितच मिळतो. मग छेद घेऊन पाहावयाचे काय? म्हणून अलीकडे आनुवंशिक द्रव्याच्या क्रमांचे साह्य घेतले जाते. २००९ मध्ये स्लाइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी या सर्व पुराव्यांच्या आधारे वर्गीकरणाची फेरमांडणी केली. पूर्वीची स्वतंत्र कुले उपकुलांच्या पायरीस आणून सर्व स्थल-पृथुकृमी जिओप्लॅनिडी या एका कुलात घेण्यात आले आणि गोड्या पाण्यातील काही पृथुकृमींशी त्यांचे निकटचे नाते मान्य झाले. या कुलातील वर्णित जातींची संख्या ९०० हून अधिक आहे. बायपेलिनी हे त्यातील एक उपकुल होय.

प्रस्तुत प्रदेशाच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, येथे दिसणारा प्रत्येक पसरट मस्तकाचा कृमी परदेशी असे गृहीत धरता येत नाही. या उपकुलाच्या जाती दक्षिण व आग्नेय आशियात स्वाभाविकपणेच राहतात आणि सह्याद्रीची ओली वने या प्रदेशापासून दूर नाहीत. चित्र पाहून त्यास 'क्यूएन्से' म्हणून टाकल्यास एखादी देशी जाती परक्या नावाखाली लपून जाईल. दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. क्यूच्या उष्णगृहाने १८७८ मध्ये जे दाखविले तेच तळेगावच्या पुष्पोत्पादन क्षेत्रातील हरितगृहांत आणि महामार्गालगतच्या रोपवाटिकांत घडणे शक्य आहे. कुंडी हलते तेव्हा माती हलते आणि मातीबरोबर कृमीही हलतो. अमेरिकेच्या दक्षिण भागातील गांडूळ-पैदाशीच्या वाफ्यांत या कृमीचा उपद्रव नोंदला गेला आहे. गांडूळखतावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्यास ही बाब उपेक्षणीय नाही.

अशा वेळी तुकडे करणे हा सर्वांत वाईट उपाय ठरतो, कारण एका शत्रूचे अनेक होतात. उघड्या हाताने स्पर्श करणेही इष्ट नाही. फुगू माशात सापडणारे टेट्रोडोटॉक्सिन हे विष बायपेलियमच्या दोन जातींत अल्प प्रमाणात असल्याचे २०१४ मध्ये सिद्ध झाले. चिनी ग्रंथातील कोंबड्यांचा उल्लेख त्यामुळे अगदीच निराधार वाटत नाही. नमुना जपावयाचा असेल तर प्रथम जिवंतपणी मस्तक, पाठ व पोट यांची छायाचित्रे घ्यावीत. रंग आणि मस्तकाचा आकार नंतर उरत नाही. त्यानंतर एक नमुना तीव्र मद्यार्कात आनुवंशिक परीक्षेसाठी आणि दुसरा छेद घेण्यायोग्य रीतीने स्थिर करून ठेवावा. स्थळ, तारीख आणि ओलाव्याची स्थिती यांची नोंद केली नाही तर नमुन्याचे निम्मे मोल नाहीसे होते. फ्रान्समध्ये हे कृमी वीस वर्षांच्या वर अभ्यासकांच्या नजरेतून सुटले होते. अखेर सामान्य नागरिकांनी पाठविलेल्या छायाचित्रांवरूनच त्यांचा प्रसार २०१८ मध्ये जगापुढे आला. चारच वर्षांनी, २०२२ मध्ये, फ्रान्स व इटली येथील नमुन्यांवरून हम्बर्टियम कोव्हिडम ही नवी जाती वर्णिली गेली.

या प्रदेशास तर एक विशेष सोय आहे. १९५९ मध्ये पुण्यास स्थापन झालेले भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डी येथे, कारखान्यांच्या या पट्ट्यातच आहे. बागेत कृमी पाहणारा आणि त्याचा निर्णय करू शकणारा यांच्यात काही मैलांचेच अंतर आहे.

उरतो तो मराठी नावाचा प्रश्न. मांडुळास 'दुतोंड्या' म्हणणाऱ्या भाषेस या प्राण्यासाठी 'फावडतोंड्या' असा शब्द घडविणे अवघड नाही; रूपाकडे लक्ष वेधण्याचे काम तो करील आणि जळूचा भ्रमही दूर ठेवील. मात्र त्या नावाखाली निदान तीन प्रजाती आणि एक अनिर्णित गट एकत्र येतील, हे विसरता कामा नये. लोकनामाने प्राणी ओळखावा आणि शास्त्रनामाने त्याचे कुल सांगावे. एकाचे काम दुसऱ्यावर सोपविले की वाफ्यातही चूक होते आणि संग्रहालयातही.