वर्गखोलीची गुळगुळीत जमीन

प्राथमिक शाळेतील लहान बालके दिवसाचे कित्येक तास जमिनीवर बसूनच लिहितात, वाचतात व खेळतात. जमीन उंचसखल असली की पाटी डुगडुगते, अक्षर बिघडते, बस्करपट्ट्या लवकर फाटतात. आणि उखडलेल्या कोब्याची धूळ मुलांच्या श्वासावाटे आत जाते. म्हणून वर्गातील जमीन ही केवळ शोभेची बाब नव्हे.

जुना कोबा आतून भक्कम असून फक्त वरून खडबडीत झाला असेल, तर तो सगळा खणून काढण्याचे कारण नसते. त्यावर ‘सेल्फ-लेव्हलिंग कंपाउंड’, म्हणजे आपोआप समतल होणारा लेप, ओतता येतो. सिमेंट, बारीक वाळू, पॉलिमरची भुकटी व प्रवाहीपणा वाढविणारी द्रव्ये यांचे हे तयार मिश्रण असते. पाण्यात कालविल्यावर ते पसरते व थाळीतील पाण्याप्रमाणे आपली पातळी गाठते. तथापि या कामाचे यश बव्हंशी लेप ओतण्यापूर्वीच ठरते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

पूर्वतयारी : प्रथम हातोडीने कोबा ठोकून पाहावा. पोकळ आवाज येईल तेथील भाग काढून नव्याने भरावा. नंतर ओल तपासावी. सुमारे दीड फूट लांबरुंद प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी त्याखाली दव दिसले, तर आधी ओलीचा बंदोबस्त करावा. अन्यथा लेप सुटून येतो. तेल, रंग व धूळ पूर्णपणे काढावी. खोल खड्डे व भेगा अगोदर बुजवाव्यात. शेवटी प्रायमर लावून तो वाळू द्यावा. प्रायमर नसल्यास कोरडा कोबा लेपातील पाणी शोषतो, त्याच्या छिद्रांतील हवा वर येते, आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोके राहतात.

पाण्याचे माप : पिशवीवर छापलेले पाण्याचे प्रमाण मापानेच घ्यावे. लेप लवकर पसरावा म्हणून गवंडी कधी कधी जादा पाणी घालतात. त्यामुळे वाळू तळाशी बसते, वर पांढुरकी साय येते, आणि थोड्याच दिवसांत जमीन भुकटीसारखी झडू लागते. पाण्यात भुकटी घालावी, भुकटीत पाणी नव्हे. व गुठळी राहणार नाही असे घुसळावे.

ओतणे : कालविलेला लेप साधारणतः पंधरा-वीस मिनिटेच वाहता राहतो. यास्तव एकाने कालवावे, दुसऱ्याने ओतावे, तिसऱ्याने पसरावे. उंबरठ्याशी पट्टी लावून दारासमोरील भिंतीपासून आरंभ करावा. पहिला पट्टा ओला असतानाच दुसरा त्याला मिळवावा. नाही तर सांधा कायम दिसतो. हवेचे बुडबुडे काढण्यासाठी लेप वाहता असेतोच त्यावर काटेरी रोलर फिरवावा. घट्ट होऊ लागलेल्या लेपाला थापी लावू नये. ऊन व वारा लागल्यास वरचा थर आधी सुकून तडे जातात. म्हणून उन्हाळ्यात काम पहाटे करावे आणि खिडक्या व पंखे बंद ठेवावेत.

किती माल लागेल, याचा हिशोब वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडूनही करून घेता येईल. ६ मीटर लांब व ६ मीटर रुंद खोलीत ५ मिलिमीटर जाडीसाठी १८० लिटर लेप लागतो. लिटरला सुमारे १.७ किलो भुकटी धरल्यास ३०६ किलो, म्हणजे २५ किलोच्या १३ पिशव्या होतात.

दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी. काही प्रकारचे लेप केवळ फरशीखाली घालावयाचे असतात. उघड्या वापराचा लेप पाहूनच खरेदी करावा. तसेच पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी उतार ठेवलेल्या ओसरीवर हा लेप वापरू नये. सिमेंटने कातडी भाजते व कोबा घासताना उडणारी धूळ फुप्फुसांस अपायकारक असते. म्हणून काम सुट्टीत करावे, कामगारांनी हातमोजे व नाकावर मुखपट्टी वापरावी, आणि लेप पूर्ण कठीण होईपर्यंत मुलांना खोलीत येऊ देऊ नये. मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समितीचे सभासद यांनी काम संपल्यावर जमीन पाहण्यापेक्षा काम चालू असताना पाण्याचे माप पाहणे अधिक हिताचे होय.