शिकाऊ उमेदवार : विद्यार्थी की कामगार?

‘सुशिक्षित बेकार’ हा शब्द आपल्या कानांना फार दिवसांपासून सवयीचा झाला आहे. आता त्याच्या शेजारी दुसरा एक शब्द येऊन बसला आहे : प्रशिक्षित बेकार. दोन वर्षे फिटरचे काम शिकलेला, आय.टी.आय.चे प्रमाणपत्र मिळवलेला, आणि ‘अनुभव आहे का?’ या एका प्रश्नापाशी अडलेला तरुण कोणत्याही पेठेत सापडेल. त्याच वेळी कारखानदार म्हणतात, कुशल माणूस मिळत नाही. दोघेही खोटे बोलत नाहीत. मग गाठ बसली आहे कोठे?

कारागिराचे ज्ञान थोडे पुस्तकात राहते, बरेचसे हातात. नकाशा वाचणे, मापांचा हिशेब, धातूंचे गुणधर्म हे वर्गात शिकवता येते. पण कानस किती दाबून चालवावी, लेथवरचे हत्यार बोथट झाल्याचे आवाजावरून कसे ओळखावे, हे जाणत्या माणसाच्या शेजारी उभे राहूनच येते. हुन्नराच्या शिक्षणाला शाळा आणि कारखाना ही दोन्ही चाके लागतात.

पूर्वी एकच चाक होते. मुंबईच्या कापडगिरण्यांत गावाकडून आलेला मुलगा काका-मामाच्या मागाशेजारी उभा राहून शिके आणि जॉबरच्या मर्जीने बदली म्हणून कामाला लागे. या पद्धतीत हात तयार होत, परंतु दार सर्वांना उघडे नव्हते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो या सबबीवर अस्पृश्य कामगारांना विणखात्यात, म्हणजे चांगल्या मजुरीच्या कामावर, येऊ देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न धसास लावला. ज्यांना जुन्या उस्ताद-शागीर्द परंपरेचे फार कौतुक वाटते, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

म्हणून १९५० साली सुरू झालेली कारागीर प्रशिक्षण योजना ही मोठीच सुधारणा होती. प्रवेश जॉबरच्या मर्जीवर न राहता नियमाने मिळू लागला. आज देशात सुमारे १५ हजार आय.टी.आय. आहेत, त्यांतील तीन-चतुर्थांशांहून अधिक खासगी. दुसरे चाक बसवण्यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला. मोठ्या कारखान्यांनी ठरावीक प्रमाणात उमेदवार घ्यावेत, त्यांना शिकवावे आणि विद्यावेतन द्यावे, ही त्याची कल्पना.

या कायद्याचे १८ वे कलम सांगते की, शिकाऊ उमेदवार हा विद्यार्थी आहे, कामगार नव्हे. सुरक्षितता, आरोग्य, अपघाताची भरपाई अशा काही बाबी सोडल्या तर कामगार-कायदे त्याला लागू नाहीत. हेतू चांगला होता : मुलगा शिकायला आला आहे, त्याच्याकडून उत्पादनाचा हिशेब मागू नये. प्रत्यक्षात मात्र उलट घडते. आमच्या पाहण्यातल्या एका कारखान्यात आम्ही एका उमेदवाराला विचारले, “वर्षभरात काय शिकलास?” तो म्हणाला, “साहेब, भोकं पाडायला.” एकाच ड्रिलिंग मशीनवर, एकच जिग लावून, कायम कामगाराइतकाच माल तो रोज काढत होता. कायद्याने विद्यार्थी, कामाने कामगार; आणि दोघांचेही हक्क त्याच्या वाट्याला नाहीत.

२०१४ च्या दुरुस्तीने मालकाच्या कैदेची तरतूद काढून केवळ दंड ठेवला. २०१६ पासून विद्यावेतनाचा काही भाग सरकार उचलते. त्यामुळे उमेदवारांची संख्या वाढली. पण संख्या म्हणजे शिक्षण नव्हे.

येथे आमच्या चळवळीचाही दोष आम्ही पदरात घेतला पाहिजे. महागाईभत्ता आणि बोनस यांवर आम्ही रात्री जागवल्या; पण प्रशिक्षणाचे कलम आमच्या किती मागणीपत्रांत होते? ‘पोरगा शिकला तर माझी जागा घेईल’ या भीतीने आमच्या जाणत्या सभासदांनी हातचे राखले, आणि आम्ही त्यांना बोललो नाही. भीती निराधार नव्हती. पण तिची किंमत त्या पोराने भरली.

जर्मनीची पद्धत येथे पाहण्याजोगी आहे. तत्कालीन पश्चिम जर्मनीत १९६९ साली व्यवसायशिक्षणाचा कायदा झाला. तेथे उमेदवार कारखान्याशी लेखी करार करतो, आठवड्यातून एक-दोन दिवस शाळेत जातो, उरलेले दिवस कारखान्यात शिकतो. बहुतेक धंद्यांत हे तीन ते साडेतीन वर्षे चालते. महत्त्वाची गोष्ट अशी की, परीक्षामंडळात मालकांचे व कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात, आणि शिक्षकही असतो. शिकवले की राबवले, हे ठरवताना कामगाराला तेथे मत आहे.

ही पद्धत जशीच्या तशी येथे आणता येणार नाही. आपले असंख्य कारागीर चार-पाच माणसांच्या वर्कशॉपमध्ये राबतात. तेथे शिकवायला मोकळा माणूस कोठून आणणार? पण औद्योगिक वसाहतीतल्या वीस-पंचवीस छोट्या वर्कशॉपना मिळून एक सामाईक शिक्षणशाळा चालवणे अशक्य नाही.

आमच्या मते सुधारणेचा आरंभ चार गोष्टींनी व्हावा. उमेदवाराने कोणत्या मशीनवर किती आठवडे काम केले याची नोंदवही असावी आणि तिच्यावर संघटनेच्या प्रतिनिधीचीही सही असावी. शिकवणाऱ्या कामगाराला त्यासाठी पाळीतला वेळ आणि भत्ता मिळावा. किती कुशल कामगारांमागे किती उमेदवार, हे ठरवून कायम जागेवर उमेदवार बसवण्यास बंदी असावी. म्हणजे जुन्या कामगाराची भीती जाईल. आणि परीक्षकांत प्रत्यक्ष काम करणारा कारागीर असावा.

शेवटी एक जुने देणे. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, तेव्हा वीस-वीस वर्षे माग चालवलेली माणसे रस्त्यावर आली. त्यांच्या हातात कसब होते, कागद नव्हता. असे पूर्वीचे ज्ञान तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ पासून आहे. ती नावापुरती न राहता खरी व्हावी, आणि ती तपासणी त्या धंद्यातल्याच माणसाने करावी.

आपल्यापैकी ज्यांचा मुलगा वा भाचा उमेदवारीला जातो, त्यांनी आज घरी गेल्यावर त्याला एवढेच विचारावे : या महिन्यात तुला कोणी काय शिकवले? त्याला उत्तर देता आले नाही, तर हा प्रश्न त्याच्या एकट्याचा समजू नये.