एका अपूर्णांकाची किती नावं?

१ एप्रिल १९५७ च्या आधी आपला रुपया सोळा आण्यांचा होता, म्हणजेच चौसष्ट पैशांचा. त्या दिवसापासून तो शंभर नव्या पैशांचा झाला. पाव रुपयाला मात्र काहीही झालं नाही. ४/१६, १६/६४, २५/१०० या तिन्ही हिशेबांत तो पावच राहिला. अडचण झाली ती सुट्ट्या आण्याची. आणा म्हणजे रुपयाचा १/१६. छेद १६ वरून १०० वर न्यायचा तर सव्वासहानं गुणावं लागतं आणि अंशातही सव्वासहाच येतात. सव्वासहा पैसे हातावर ठेवायचे कसे? म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याचे ६ नवे पैसे धरले, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे (खरे तर पावणेएकोणीस) १९, आणि चार आण्यांचे बरोब्बर २५. सोळानं शंभरला निःशेष भाग जात नाही, एवढ्याशा गोष्टीनं साऱ्या देशाच्या गल्ल्यांत पाव-अर्धा पैसा इकडचा तिकडे झाला!

अंश आणि छेद यांना एकाच संख्येनं गुणलं की सममूल्य अपूर्णांक मिळतो, हे शाळेत सगळेच शिकतात. चारांतला एक भाग आपला. आता प्रत्येक भागाचे पुन्हा चार केले तर एकूण भाग सोळा आणि आपले चार. तुकडे वाढले, वाटा तेवढाच. असं कितीही वेळा करता येतं, म्हणून प्रत्येक अपूर्णांकाला अनंत नावं असतात. त्यातलं कोणतं नाव कधी वापरायचं, यातच सगळी हुशारी आहे.

भास्कराचार्यांना ती पुरेपूर ठाऊक होती. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवानं मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. ११५० च्या ‘लीलावती’त त्यांनी १/१४ आणि १/६३ यांची वजाबाकी घातली आहे. छेदांचा सरळ गुणाकार केला तर ८८२ येतात. पण आधी दोन्ही छेदांना सातानं भागून पाहा: २ आणि ९ उरतात. मग १/१४ ला वरखाली ९ नं गुणायचं, १/६३ ला २ नं. ९/१२६ उणे २/१२६, म्हणजे ७/१२६. पुन्हा सातानं भाग दिला की उत्तर १/१८. चौदा आणि त्रेसष्टमधून अठरा असा अलगद बाहेर येतो, हे कितीदाही केलं तरी मला नवंच वाटतं.

आता एक वेगळाच प्रश्न. अपूर्णांक आपण डोळे मिटून उचलला, तर तो आधीच अतिसंक्षिप्त रूपात असण्याची शक्यता किती? १ ते १० मधले अंश आणि १ ते १० मधले छेद घेऊन सगळे शंभर अपूर्णांक कागदावर मांडा आणि ज्यांना संक्षेप देता येतो ते खोडा. ६३ उरतात. संख्या १ ते १०० घेतल्या तर दहा हजारांपैकी ६,०८७ उरतात. म्हणजे प्रमाण साठ-एकसष्ट टक्क्यांपाशी घुटमळतं.

हे डोळ्यांसमोर आणायचं तर सरळ रांगांत लावलेल्या बागेच्या कोपऱ्यात उभं राहावं. छेदाइतकी झाडं पूर्वेला मोजायची, अंशाइतकी उत्तरेला. २/३ चं झाड दिसतं, पण ४/६ चं त्याच्या थेट मागे झाकलेलं असतं, ६/९ चं त्याच्याही मागे. सगळे सममूल्य अपूर्णांक एकाच नजरेच्या रेषेत उभे असतात आणि दिसतो तो फक्त सर्वांत पुढचा, अतिसंक्षिप्त. शंभरातली साधारण एकसष्ट झाडं दिसतात, बाकीची कुणाच्या तरी आड असतात.

पण एकसष्टच का? अंश सम असण्याची शक्यता निम्मी, छेद सम असण्याचीही निम्मी, दोन्ही एकदम सम असण्याची पाव. म्हणजे दोनच्या चाळणीतून ३/४ अपूर्णांक वाचतात. तीनच्या चाळणीतून ८/९, पाचच्या २४/२५, सातच्या ४८/४९, आणि असंच प्रत्येक मूळ संख्येचं. हा न संपणारा गुणाकार कुठं जाऊन स्थिरावतो, याचं उत्तर लेओनार्ड ऑयलर यांच्या कामात आहे. १ + १/४ + १/९ + १/१६ … ही वर्गांच्या व्यस्तांची अनंत बेरीज π²/६ इतकी भरते, हे त्यांनी १७३५ मध्ये दाखवलं. पुढं तीच बेरीज मूळ संख्यांच्या गुणाकारात कशी मांडता येते तेही दाखवलं. आपला गुणाकार त्या बेरजेचा नेमका व्यस्त आहे: ६/π², म्हणजे ०.६०७९.

π! वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचं गुणोत्तर. इथं ना वर्तुळ आहे ना कंपास, आहे तो फक्त अपूर्णांकांना संक्षेप देण्याचा पाचवी-सहावीतला अभ्यास, आणि त्याच्या तळाशी π. मग उलटही जाता येतं. त्या दहा हजार अपूर्णांकांतले ६,०८७ घ्या. ६ ला ०.६०८७ नं भागा: ९.८५७. त्याचं वर्गमूळ काढा: ३.१३९६.