कोरपन्याच्या काठावरचे चिखलपक्षी

कोरपना म्हटलं की सिमेंट आठवतं. पण मंडळी, गडचांदूरजवळचं अमलनाला धरण, पकडीगुड्डम जलाशय आणि पैनगंगेचा काठ कॅमेरा घेऊन एकदा बघाच! पाणी ओसरू लागलं की काठावर ओला चिखल उघडा पडतो. तुतारी, चिखल्या, टिलवे अशा पक्ष्यांचं जेवणाचं ताट तेच.

चिमणीएवढे टिलवे ओळखणं सगळ्यात कठीण, म्हणून त्यांचे पाय स्पष्ट दिसणारा फोटो आधी घ्या. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे फिकट पिवळसर. तुतारी उडताना पंख खालून टिपा: हिरवी तुतारी असेल तर ते जवळजवळ काळे दिसतात, ठिपकेवालीचे फिकट. दुर्मीळ नोंद पटवायची तर असे पुरावेच लागतात. नुसता देखणा फोटो पुरत नाही.

माझा जीव मात्र नदी टिटवीत अडकलाय. काळा तुरा, काळा गळा, पोटावर काळा डाग. नेहमीच्या टिटवीसारखी लाल मांसल गाठ नाही. आययूसीएनच्या यादीत ती संकटसमीप आहे. उन्हाळ्यात ती नदीच्या उघड्या वाळूत, गोट्यांमध्ये अंडी घालते. रेती उपसा, गुरं आणि आपले पाय, तिन्ही तिला घातक. ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली तर लगेच मागे फिरा. घरट्याची नेमकी जागा ग्रुपवर टाकू नका.

सकाळी सूर्य पाठीशी ठेवा, चिखलात पोटावर झोपा, शटर १/२००० च्या आसपास ठेवा. दहानंतर तापलेल्या हवेने फोटो लहरतो, तेव्हा वही काढून नोंदी लिहा.