लोमे कराराची पंचवीस वर्षे

दोन राष्ट्रांनी एकमेकांशी व्यापाराचा करार करावा, ही गोष्ट इतिहासाला नवी नाही. परंतु एका खंडातील राष्ट्रांच्या समूहाने इतर खंडांतील राष्ट्रांच्या समूहाशी एकाच मेजाभोवती बसून एकच करार करावा, ही कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. एकट्याने बोलणाऱ्या लहान राष्ट्राचा आवाज कोणी ऐकत नाही. अनेकांनी मिळून बोलल्यास तो ऐकावा लागतो, हा या कल्पनेमागील साधा व्यवहार. तो कितपत खरा ठरतो आणि त्याला मर्यादा कोठे पडतात, हे समजून घेण्यास लोमे कराराइतके बोधप्रद उदाहरण क्वचितच सापडेल.

लोमे ही पश्चिम आफ्रिकेतील टोगो या चिंचोळ्या, समुद्रकाठच्या देशाची राजधानी. २८ फेब्रुवारी १९७५ रोजी तेथे या करारावर सह्या झाल्या. एका बाजूस युरोपीय आर्थिक समुदायाची नऊ राष्ट्रे होती. दुसऱ्या बाजूस सेहेचाळीस राष्ट्रे होती : आफ्रिकेतील सदतीस, कॅरिबियन प्रदेशातील सहा आणि पॅसिफिक महासागरातील तीन. या सेहेचाळिसांपैकी बहुतेक राष्ट्रे थोड्या वर्षांपूर्वीपर्यंत समोर बसलेल्यांपैकीच कोणा ना कोणाच्या वसाहती होत्या. काल ज्यांना हुकूम मिळत असत, ते आज अटी मांडीत होते. या घटनेचे महत्त्व पहिल्यांदा येथे आहे.

तिची पूर्वपीठिका थोडी मागे जाते. १९५७ साली रोमच्या तहाने युरोपातील सहा राष्ट्रांनी आपला आर्थिक समुदाय स्थापन केला, तेव्हा फ्रान्सच्या आग्रहावरून सभासदांच्या वसाहतींनाही त्याच्याशी संलग्न करून घेण्यात आले. पुढे या वसाहती स्वतंत्र झाल्या, आणि २० जुलै १९६३ रोजी कॅमेरूनची राजधानी याउंदे येथे आफ्रिकेतील अठरा राष्ट्रांशी नवा करार झाला. या करारात एक मेख होती. आफ्रिकेच्या मालाला युरोपात जकातीची सवलत मिळे. पण त्याच्या मोबदल्यात आफ्रिकी राष्ट्रांनीही युरोपीय मालाला तशीच सवलत द्यावयाची होती. कागदावर हा समान न्याय दिसतो. प्रत्यक्षात ज्याच्याकडे कोको, कॉफी आणि भुईमूग यांखेरीज विकण्यासारखे फारसे काही नाही, आणि ज्याचे कारखाने अजून उभे राहावयाचे आहेत, त्याने यंत्रयुगात शतकभर पुढे गेलेल्या राष्ट्राच्या मालाला दार उघडे ठेवणे म्हणजे आपल्या उद्योगाचा अंकुरच खुडून टाकणे होय.

१ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन या समुदायात दाखल झाले आणि परिस्थिती बदलली. ब्रिटनच्या पूर्वीच्या वसाहतींचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहिला. आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिक यांतील राष्ट्रकुलीय देशांना वाटाघाटींचे निमंत्रण मिळाले. आशियातील राष्ट्रकुलीय देश, म्हणजे भारत, श्रीलंका, मलेशिया आणि सिंगापूर, यांना मात्र या वर्तुळाबाहेर ठेवण्यात आले. भारताशी समुदायाने १७ डिसेंबर १९७३ रोजी व्यापारी सहकार्याचा वेगळा करार केला; परंतु त्यात सेहेचाळीस राष्ट्रांना पुढे मिळाल्या तशा सवलती नव्हत्या. ज्यांच्या मालाच्या स्पर्धेची धास्ती कमी, त्यांच्याशी औदार्य अधिक, हा नियम याही ठिकाणी दिसून आला.

वाटाघाटी जुलै १९७३ मध्ये ब्रुसेल्स येथे सुरू झाल्या. फ्रेंच बोलणारी आफ्रिकी राष्ट्रे आणि इंग्रजी बोलणारी राष्ट्रे यांच्यात सुरुवातीस बराच अविश्वास होता. पहिल्यांना वाटे, वाटेकरी वाढले म्हणजे आपला वाटा कमी होणार. दुसऱ्यांना 'संलग्न राष्ट्र' या शब्दालाच पारतंत्र्याचा वास येई. तरीही आफ्रिकी राष्ट्रांनी एक भूमिका ठरविली, कॅरिबियन व पॅसिफिक राष्ट्रे तिला येऊन मिळाली, आणि युरोपने कोणाही एकट्याशी बोलून फूट पाडावी अशी संधी दिली नाही. या कामी ज्यांची वाणी विशेष उपयोगी पडली, त्यांत गयानाचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री श्रीदत्त रामफळ हे एक होत. त्यांचे पूर्वज भारतातून गयानाच्या ऊसमळ्यांवर मजुरीसाठी गेलेले होते. पुढे ते दीर्घकाळ राष्ट्रकुलाचे महासचिव झाले.

काळही या राष्ट्रांना अनुकूल होता. १९७३ च्या अखेरीस खनिज तेलाचे भाव कडाडले. कच्च्या मालाची टंचाई होईल अशी चिंता युरोपला लागली. जुलै १९७४ मध्ये जमैकातील किंगस्टन येथे झालेल्या मंत्र्यांच्या परिषदेत कोंडी फुटली, आणि परस्पर सवलतीची जुनी अट गळून पडली. आता सेहेचाळीस राष्ट्रांच्या जवळजवळ सर्व मालाला युरोपात जकातमाफी मिळाली. त्यांनी मात्र युरोपला तशीच सवलत देण्याचे कारण उरले नाही. असमान पक्षांना समान अटी लावणे हा न्याय नव्हे, हे तत्त्व एका मोठ्या करारात प्रथमच इतक्या स्पष्टपणे नोंदले गेले. १९७५ च्या जून महिन्यात जॉर्जटाउन येथे या राष्ट्रांनी आपला स्वतःचा कायम संघ स्थापन केला.

या करारातील आणखी दोन योजना ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली निर्यातीच्या उत्पन्नाला स्थैर्य देण्याची. तिला 'स्टॅबेक्स' असे नाव पडले. एखाद्या देशाची बहुतेक मिळकत एकाच पिकावर अवलंबून असेल आणि भाव कोसळल्याने अगर पीक बुडाल्याने ती ठरावीक प्रमाणाखाली गेली, तर तूट भरून काढण्यासाठी युरोपीय निधीतून रक्कम द्यावयाची, असे तिचे स्वरूप होते. अतिदरिद्री देशांनी ती परत करावयाची नव्हती. एका अर्थी हा राष्ट्रांचा पीकविमाच होता. मात्र विम्याची तिजोरी मर्यादित होती. १९८० च्या सुमारास कॉफी आणि कोको यांचे भाव एकदम घसरले आणि अनेक देश एकाच वेळी दारी आले, तेव्हा त्या वर्षीच्या मागण्यांपैकी निम्म्याच्या आसपासच रक्कम देता आली.

दुसरी योजना साखरेची. १९७४ साली जगाच्या बाजारात साखरेचा भाव कधी नव्हे इतका चढला होता. ऊस पिकविणाऱ्या देशांना त्या वेळी आपला माल इतरत्र विकून भरघोस नफा मिळविता आला असता. परंतु साखरेच्या भावाची चढउतार त्यांनी पिढ्यान् पिढ्या भोगली होती. त्यांनी तात्पुरत्या नफ्याऐवजी टिकाऊ हमी पसंत केली. युरोपने दरसाल सुमारे तेरा लाख टन साखर आपल्या अंतर्गत भावाशी निगडित अशा भावाने घ्यावी, आणि या देशांनी ती ठरल्याप्रमाणे पुरवावी, असे ठरले. या व्यवस्थेला मुदत नव्हती. ती 'अनिश्चित काळापर्यंत' चालावयाची होती. भारताशीही १९७५ मध्ये साखरेचा असाच एक वेगळा करार झाला; परंतु त्याच्या वाट्याला पुढे राहिला तो अवघा दहा हजार टनांचा कोटा.

सर्वांत मोठा वाटा, सुमारे चार लाख नव्वद हजार टनांचा, हिंदी महासागरातील मॉरिशस या बेटाला मिळाला. मराठी माणसाला हे बेट परके नाही. एकोणिसाव्या शतकात गिरमिटाच्या करारावर जे हजारो भारतीय तेथील ऊसमळ्यांवर गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी मजूरही होते. त्यांच्या वंशजांनी आपली भाषा आणि आपले सण तेथे जपले असून गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. लोमे येथे झालेल्या सहीचा अर्थ या बेटावरील घराघरांत पोहोचला. १९८० नंतरच्या दशकात जगाचा भाव रसातळाला गेला, तेव्हाही मॉरिशसच्या साखरेला युरोपात त्याच्या कितीतरी पट भाव मिळत राहिला.

मात्र अशी हमी ही एका परीने उसनी सावली असते. झाड ज्याच्या अंगणात, त्याच्या मर्जीवर तिचे आयुष्य. युरोपला स्वतःच्या बीट-साखरेचाच पूर होता. बाहेरून जितकी साखर घ्यावयाची, जवळजवळ तितकीच अनुदान देऊन तो इतर देशांत विकत असे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली, आणि २००५ साली अंतिम निर्णय युरोपच्या विरुद्ध गेला. २००६ पासून युरोपने साखरेचा आधारभाव टप्प्याटप्प्याने छत्तीस टक्के उतरविला. २००७ मध्ये त्याने साखरेचा करार संपुष्टात आणण्याची दोन वर्षांची सूचना दिली, आणि २००९ मध्ये अनिश्चित काळासाठी केलेली ती व्यवस्था संपली. सूचना देण्याचा अधिकार मूळ मसुद्यातच लिहिलेला होता. 'अनिश्चित' या शब्दाचा अर्थ 'अखंड' असा नव्हे, हे तेव्हा सर्वांच्या लक्षात आले.

केळ्यांची कथाही याच वळणाची. सेंट लुशिया, डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट या लहानग्या कॅरिबियन बेटांवरील डोंगरउतारांच्या छोट्या बागांतून येणाऱ्या केळ्यांना युरोपने राखीव बाजार दिला होता. त्यावर लॅटिन अमेरिकेतील केळी पिकविणारी राष्ट्रे आणि अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांनी तक्रार केली. सर्व सभासदांना सारखी वागणूक द्यावी, या जागतिक व्यापाराच्या मूलभूत नियमाचा भंग होतो, असे त्यांचे म्हणणे होते. १९९७ साली निर्णय त्यांच्या बाजूने लागला. तंटा मिटावयास २००९ उजाडले, आणि तोवर त्या बेटांवरील हजारो कुटुंबांनी बागा सोडून दिल्या होत्या. तक्रारदारांचा नियम खोटा नव्हता, आणि बेटांवरील शेतकऱ्याची अडचणही खोटी नव्हती. सर्वांना सारखी वागणूक आणि दुर्बळाला अधिक आधार ही दोन तत्त्वे समोरासमोर आली, आणि त्यांत पहिल्याची सरशी झाली.

लोमे कराराची चौथी आवृत्ती १९८९ साली निघाली. तिच्या जागी २३ जून २००० रोजी बेनिनमधील कोतोनू येथे नवा करार झाला. त्याने स्टॅबेक्सची योजना बंद केली आणि एकतर्फी सवलतीच्या जागी परस्पर सवलतींचे करार करण्याचे ठरविले. त्यासाठी सारा गट निरनिराळ्या प्रादेशिक तुकड्यांत विभागला गेला. कॅरिबियन राष्ट्रांनी २००८ साली आपला करार केला. आफ्रिकेच्या दक्षिणेकडील काही राष्ट्रांनी तो २०१६ साली केला. १९६३ साली जी परस्परतेची अट होती, ती मऊ स्वरूपात पुन्हा दाराशी आली. आणि १९७४ साली ज्या एकीने ती परतवून लावली होती, ती एकी आता पहिल्यासारखी उरली नव्हती. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सामोआमधील आपिया येथे कोतोनूनंतरचा करार झाला. त्याच्या मुळाशी राजकीय सहकार्य, हवामानबदल, स्थलांतर इत्यादी विषय आहेत. व्यापार मुख्यतः त्या प्रादेशिक करारांकडेच सोपविलेला आहे.

मग लोमे करार फसला, असे म्हणावयाचे काय? तसे म्हणणे न्यायाचे होणार नाही. त्याचे मोल प्रत्येक देशाने मिळालेल्या अवधीत काय केले यावर ठरले. मॉरिशसने साखरेच्या पैशावर विसंबून न राहता १९७० सालापासूनच निर्यातीसाठी कारखान्यांना सवलती दिल्या, कापडउद्योग वाढविला, पर्यटनाकडे लक्ष पुरविले. हमीचा अंत जवळ आला, तेव्हा त्याने लहान कारखाने बंद करून थोडेच पण मोठे ठेवले, कच्च्या साखरेऐवजी शुद्ध साखर तयार करण्याची सोय केली, आणि उसाच्या चिपाडापासून वीज काढली. कामावरून निवृत्त होणाऱ्या मजुरांना रोख रक्कम आणि जमिनीचा तुकडा देण्यात आला. या बदलात अनेक कुटुंबांचा पिढीजात रोजगार गेला, हे विसरता येत नाही. पण देश उभा राहिला. उलट कॅरिबियन समुद्रातील सेंट किट्स या बेटाला शतकानुशतके चालत आलेला आपला साखरउद्योग २००५ साली बंदच करावा लागला.

खंडाखंडांतील राष्ट्रगटांच्या सहकार्याकडे पाहताना या इतिहासातून दोन गोष्टी मनाशी धराव्या लागतात. एकी ही दुर्बळाची खरी शक्ती असून, ती टिकते तोवरच तिला किंमत येते. सेहेचाळीस राष्ट्रे एका स्वराने बोलली तेव्हा त्यांना जे मिळाले, ते पुढे वेगवेगळे बोलताना मिळाले नाही. आणि सवलत म्हणजे मालकी नव्हे. ती म्हणजे तयारीसाठी मिळालेली मुदत. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याने तहान भागत असतानाच आपली विहीर खणावयास घेतली पाहिजे. मॉरिशसच्या उसाच्या शेतांतून आज जी वीज निर्माण होते, ती या वेळीच खणलेल्या विहिरीचे पाणी आहे.